डावा बूट घासतो

मी एक बूट आहे, आणि तोही डावा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो बोलणार नाही. त्याच्याबद्दल कधी कुणाची तक्रारच नव्हती. जे काही आलं ते माझ्यावर आलं, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे खाली गोदाम, वर एक लांबट खोली, खोलीत शिलाईची यंत्रं आणि सगळीकडे सोल चिकटवायच्या गोंदाचा वास. मला घडवणाऱ्या बाईंना तिथे सगळे ताई म्हणत, वयाने मोठे कारागीरसुद्धा. ताई स्वतः कधी शर्यतीत धावल्या नव्हत्या. पण रस्त्याने कुणी चाललं की त्यांची नजर आधी पायांकडे जायची आणि चेहऱ्याकडे मागाहून. ओळखीची माणसं त्यांना चालीवरून कळायची, आणि समोर आली की नाव आठवायचं नाही.

ताईंच्या डोक्यात एक खूळ होतं. धावणाऱ्यांचे बूट दोन तऱ्हेचे असतात. सरावाचा बूट जाडजूड आणि टिकाऊ, पण जड. शर्यतीचा बूट हलका, पण त्याचा सोल बघता बघता झिजून जातो. ताई म्हणायच्या, "एकच जोड हवा. रोज तोच घालायचा आणि शर्यतीच्या दिवशीही तोच. पायात काही आहे हे पायाला कळताच कामा नये."

त्यांचे थोरले भाऊ विक्रीचं बघायचे. ते म्हणायचे, "एक तर हलका कर, नाही तर टिकाऊ कर. दोन्ही करायला जाशील आणि हसं होईल."

ताईंनी ऐकलं नाही. त्या काढून टाकत गेल्या. वरचं कापड गेलं, तिथे एकेरी जाळी आली. जीभ इतकी पातळ केली की नाड्या आवळल्या की ती दिसेनाशीच व्हायची. इतर बुटांची चोच पुढून वर वळलेली असते, होडीसारखी. ताईंनी माझी चोच खाली ठेवली. त्यामुळे वजन वाचलं आणि पायाला जमीन नीट कळू लागली. फेकून दिलेल्या नमुन्यांचा कोपऱ्यात ढीग झाला होता. त्या ढिगात न गेलेला पहिला जोड म्हणजे आम्ही दोघं.

तिथून आम्ही गेलो पंचांकडे.

धावणाऱ्यांचं एक मासिक निघायचं. त्यात दर महिन्याला एका नव्या बुटाची परीक्षा असायची. ती परीक्षा घेणाऱ्या माणसाला सगळे पंच म्हणत. पंचांनी बरं म्हटलं की दुकानदार बूट मागवत आणि नाक मुरडलं की मागवत नसत. ते कुणाकडून भेट घेत नसत, कुणाचं जेवण खात नसत. त्यांचा शब्द वजनदार होता, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पंचांनी मला खोक्यातून काढलं आणि डोळे मिटून तळहातावर धरलं.

"काट्यावर बूट कुणीही ठेवेल," ते आपल्या बायकोला म्हणाले. "हाताला काय वाटतं ते खरं."

वहिनी औषधांच्या दुकानात काम करायच्या. त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हाताला ही पिशवी जड वाटतेय. ती घेता का आधी?"

(त्यांना मी वहिनी म्हणतो, कारण पंचांबरोबर रोज धावणारे दातांचे डॉक्टर तसं म्हणायचे.)

पंचांनी पिशवी घेतली, आणि मग मला चवड्यापाशी वाकवलं, ओल्या कपड्यासारखं पिळलं, टाचेत अंगठा रुतवून फोम किती वेळात वर येतो ते बघितलं, आत नाक घालून वास घेतला. दुसऱ्या सकाळपासून धावणं सुरू झालं. डांबरी रस्ता, मैदानातली आखीव धावपट्टी, कालव्याकाठची खडीची वाट, बाजारामागची कायम ओली असणारी गल्ली. पंचांचं म्हणणं असं की चांगल्या बुटाची आठवण होत नाही. म्हणून ते धावताना मुद्दाम माझ्याबद्दल काही बोलत नसत. एकदा ते आणि दातांचे डॉक्टर तिसऱ्याच कुणाच्या घराच्या रंगावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा मला कळलं की आपण पास झालो.

धावून झाल्यावर कट्ट्यावर बसून ते डॉक्टरांना म्हणाले, "ह्या बाईनं करून दाखवलं रे. सरावालाही हाच, शर्यतीलाही हाच. असा बूट मी पाहिला नव्हता. लिहिणार आहे तसं."

माझं एवढंच कौतुक झालं. ते लिहिलं कधी गेलंच नाही.

कारण मग मी घासलो. चढ संपून सपाट रस्ता लागला होता. पंच थोडे दमले होते. माझी चोच रस्त्याला लागून खर्र असा आवाज आला. पंच थांबले, मला उलटं करून बघितलं, खडा अडकला असेल म्हणून. खडा नव्हता. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तोच आवाज. उजवा गप्प, मीच घासतोय.

मला आतून वेगळंच जाणवत होतं. पूर्वी पाय उचलला की चवडा लगेच वर यायचा. आता तो वर यायला उशीर करायचा. कुणी हाक मारावी आणि ऐकणाऱ्याने जरा थांबून ओ द्यावी, तसं. पण मी बूट. मला घासता येत होतं, बोलता येत नव्हतं.

पंच शहाणे होते. त्यांनी घाईने दोष दिला नाही. नाड्या बदलून ओवल्या. आतली गादी काढून दुसरी घातली. मग कपाटातला त्यांचा जुना जाड बूट घालून तोच रस्ता धावून पाहिला. त्याची चोच वर वळलेली, ती कशाला रस्त्याला लागतेय? पंचांना हवा होता तो पुरावा मिळाला. त्यांनी ताईंना फोन केला. डावा बूट साच्यावर वाकडा चढलाय, दुसरा जोड पाठवा.

ताईंनी दुसरा जोड पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, "मला बघू द्या धावताना."

मैदानात पंच नवा जोड घालून धावले. मी कट्ट्यावर ताईंच्या शेजारी होतो. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत नवा डावा बूटही घासायला लागला. ताई उभ्या राहिल्या. पुढे झाल्या, वाकल्या, पायांच्या रेषेत डोळे आणून बघत राहिल्या. मग पंच येईपर्यंत जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

"ऐकलंत ना?" पंच म्हणाले. "साचाच चुकलाय."

"सर, हे दोन जोड वेगवेगळ्या कारागिरांनी केलेत. डावाच का घासावा?"

"ते तुम्ही सांगायचं."

ताई म्हणाल्या, "रागावू नका. तुमचा डावा पाय उचलला जात नाहीये. चवडा खाली राहतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

पंच हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"बूट वाईट निघाला की धावणाऱ्याच्या पायाला नाव ठेवायचं, हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. प्रत्येक कंपनीचा माणूस हेच म्हणतो. तुम्ही वेगळ्या असाल असं वाटलं होतं."

"मी बुटाची बाजू घेत नाहीये."

"मग कुणाची घेताय?"

ताई नवा जोड तिथेच ठेवून निघून गेल्या. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पंचांच्या चालण्याकडे बघितलं.

त्यानंतर शर्यत आली. पंचांचा नियम होता की परीक्षेचा बूट शर्यतीत घातल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. त्यांनी मला घातलं. अर्धी वाट आम्ही चांगले गेलो. खरं सांगतो, त्या अर्ध्या वाटेवर मी जे होतो तेच मला व्हायचं होतं. मग खर्र सुरू झालं. शेवटच्या वळणावर माझी चोच अडकली आणि पंच तोंडावर पडले. हनुवटी फुटली. दातांचे डॉक्टर मागून येत होते, त्यांनी शर्यत सोडून पंचांना उचललं.

"अरे, तुझा पाय वर येत नव्हता," ते म्हणाले. "मी मागून बघत होतो."

"बुटाची चोच खाली आहे," पंच रुमाल हनुवटीला दाबून म्हणाले. "बुटामुळे होतंय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. जखमी माणसाशी कोण वाद घालतं?

हनुवटीचे टाके ओले होते तेव्हाच, एका दुपारी, पंचांनी दुसऱ्या जोडातला डावा बूट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि करवतीने मधोमध कापला. तो माझ्याच साच्यातला. मी दाराशी होतो, आणि दारातून सगळं दिसत होतं. कापलेल्या दोन्ही बाजू उजेडात धरून पंच बराच वेळ बघत होते. फोमचा थर जिथल्या तिथे. शिवण सरळ. गोंद कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. वहिनींनी विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय? मी पडलो ना."

आणि त्यांनी निकाल लिहिला. हा जोड हलका आहे, पण डावा बूट घासतो. साचा चुकला आहे. सरावाला धोक्याचा, शर्यतीला त्याहून अधिक. घेऊ नये.

पंचांच्या मनात लबाडी होती असं मला वाटत नाही. एवढी वर्षं त्यांनी बुटांत दोष शोधले होते आणि ते सापडलेही होते. पायात दोष असतो हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

पुढची बातमी दातांच्या डॉक्टरांनी आणली. दुकानदारांनी आधीच मागवून ठेवलेला माल परत पाठवला. कारखान्याच्या जिन्यापर्यंत खोकी रचली गेली. भावांनी हात वर केले. साचे आणि खोकी, सगळं भंगारात गेलं. ताई आता शाळेचे काळे बूट करतात, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. डॉक्टर हे सांगत असताना पंच वर्तमानपत्राचं पान उलटत होते. पान नीट उलटत नव्हतं. बोटं दोन-दोन पानं एकदम धरत होती.

मला नापास बुटांच्या फळीवर टाकलं होतं. तिथून घर सगळं ऐकू यायचं. आता पंचांची चप्पल घासायला लागली होती. मग तो जुना जाड बूटसुद्धा. पंच म्हणाले, बूट जुना झाला. मग म्हणाले, रस्ता खराब केलाय मेल्यांनी. मग धावायला जाणंच कमी झालं, तेव्हा म्हणाले, हवा चांगली नाही. सकाळी शर्टाची बटणं लावायला वहिनी न बोलावता पुढे यायच्या, आणि पंच छताकडे बघत उभे राहायचे.

एका सकाळी पंच फळीपाशी आले आणि त्यांनी मला खाली काढलं. बाकीचे सगळे बूट आता जड झाले होते. मलाही त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. वहिनींनी नाड्या बांधल्या, आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि हळू बोलायच्या. त्यांनी पंचांना फरशीवरून चालायला सांगितलं. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. उजवा बूट टेकला की काही ऐकू यायचं नाही. मी टेकलो की थप्प व्हायचं. पंच तीन-चार पावलं गेले आणि थांबले. तो आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असावा.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

पंच परत येऊन खुर्चीत बसले. वहिनींनी पिशवी मांडीवर ओढली.

सुया टोचून तपासण्या झाल्या, चकरा झाल्या. शेवटी डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत होत्या. पाय जाईल, हात जातील, मग जीभ, मग गिळणं. डोकं शाबूत राहील. स्पर्शही कळत राहील.

वहिनींनी विचारलं, "औषध?"

आयुष्यभर औषधं विकलेल्या बाईला उत्तर आधीच ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी मान हलवली.

रिक्षात पंच माझ्याकडे बघत बसले होते. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे बूट बरोबर होता."

वहिनींनी त्यांचा हात धरला.

पंचांनी मासिकाला कळवलं. निकाल चुकला होता, दोष बुटात नव्हता, असं छापा. मासिकाने छापलं, मागच्या पानावर, कोपऱ्यात. तोवर तो बूट बाजारात उरलाच नव्हता. जो मिळतच नाही तो चांगला होता, हे वाचून कोण काय करणार?

मग त्यांनी ताईंना बोलावलं. ताई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. पंच तेव्हा चाकांच्या खुर्चीत होते आणि त्यांचे शब्द एकमेकांना चिकटू लागले होते. मी त्यांच्या पायात होतो. ताईंची नजर सवयीने आधी खाली, माझ्याकडेच गेली. माझी चोच पार झिजून आतली जाळी उघडी पडली होती.

"मी तुमचं वाटोळं केलं," पंच म्हणाले. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला.

"हो," ताई म्हणाल्या.

वहिनी चहा ओतता ओतता थांबल्या.

ताई म्हणाल्या, "तुमचं ते कोपऱ्यातलं वाचलं मी. वाटलं होतं, तुम्हाला चूक कळली की मला बरं वाटेल. वाटत नाहीये."

पंचांनी मान हलवली. मग विचारलं, "त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर?"

वहिनीच बोलल्या, समजूत घालावी तशा. "काही फरक पडला नसता हो. तेव्हाही औषध नव्हतंच."

"ह्यांना पडला नसता," ताई म्हणाल्या. "मला पडला असता."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. नुसतं सांगितलं. चहावर साय धरली. निघताना पंचांनी खुणेने विचारलं, हा जोड नेता का. त्या साच्यातला आता हाच एक उरलाय. ताई खाली बसल्या, मला हातात धरलं, चोचीवरून अंगठा फिरवला. त्या मला नेतील असं मला क्षणभर वाटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "नेऊन करू काय?"

आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. पंचांची जीभ गेली, हात गेले. वहिनींना दुकानात जावंच लागतं, म्हणून दिवसभर एक काका सांभाळायला येतात. काका भला माणूस. पंचांना लहान बाळासारखं उचलतात, गाणी म्हणत अंग पुसतात, स्वतःशीच गप्पा मारतात. पाय लटकू नयेत, गार पडू नयेत म्हणून वहिनींनी मलाच पंचांच्या पायात घालायला सांगितलंय. दुसरा कुठला बूट आता त्या पावलांना झेपत नाही.

परवा काकांनी मला उजव्या पायात घातलं.

घाई होती, बाहेर दूधवाला हाक मारत होता. जाळी मऊ, नाड्या सैल, त्यामुळे पाय गेला आत. पण माझी वळणं डाव्या पायाची. पंचांचा अंगठा माझ्या आतल्या कडेवर दाबून बसला. करंगळी दुमडली. तिकडे उजव्याचीही तीच गत. पंचांना ते लगेच कळलं. त्यांना स्पर्श पूर्वीइतकाच कळतो, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसाच. शिवणीतला एक टाका जाड आला तर ज्यांना कळायचं, त्यांना हे कळणार नाही?

त्यांनी डोळे खाली वळवले. काका म्हणाले, "पाणी हवंय का?" आणि चमच्याने पाणी पाजलं. पंचांनी पुन्हा खाली बघितलं. काकांनी पंखा कमी केला. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा काका म्हणाले, "अच्छा, पाय गार पडलेत होय," आणि प्रेमाने पायांवर घोंगडी घातली, दोन्ही कडांनी नीट खोचून दिली.

मग दिवसभर आम्ही तसेच होतो. घोंगडीखाली अंधार होता. मला कळत होतं, त्यांना कळत होतं, आणि दोघांपैकी कुणालाच काही सांगता येत नव्हतं. दुपारी काका शेजारी बसून चुटके सांगत होते. चुटके बरे होते. पंचांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काकांनी हसण्याचं समजून पुसलं.

संध्याकाळी वहिनी आल्या. पिशवी ठेवली, घोंगडी काढली, आणि थांबल्या. काका चप्पल घालून निघालेच होते. जमिनीवर बसून वहिनींनी नाड्या सोडल्या, आम्हाला काढलं. अंगठ्याला लाल वळ उठला होता, तो बोटांनी चोळला.

"दिवसभर?" त्यांनी विचारलं.

पंचांनी पापण्या एकदा मिटल्या. एकदा म्हणजे हो.

वहिनी त्यांची दोन्ही पावलं मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. दिवाही लावला नाही.

माझं मागणं काही नाही. झिजलेल्या बुटाने काय मागायचं? तुम्हाला बोलता येतं, एवढंच मला दिसतं. कुणाचं पाऊल चुकीचं पडताना दिसलं तर बोला. ऐकणारा चिडेल, तरी पुन्हा बोला. त्याने काही टळेल असं मी म्हणत नाही. इथे काहीच टळलं नाही.

वहिनींनी काकांना सांगून ठेवलंय, त्यामुळे मी आता बरोबर पायात जाईन. मग दुसरं काहीतरी चुकेल. उशी, चष्मा, खिडकीतून डोळ्यांवर येणारं ऊन. ते त्यांना एकट्यालाच कळेल. मला बुटापुरतं कळलं, तेवढं मी सांगितलं.